घासलेल्या तबकड्या

आमच्या पेठेत गाणं विकत घ्यावं असं सहसा कुणाच्या मनात यायचं नाही. ते न मागता, फुकट आणि बऱ्याचदा नको तेव्हा कानावर आदळायचं. लग्नसराई सुरू झाली की बार्शीत रोज कुणाच्या ना कुणाच्या माळवदावर कर्णा चढायचा, तोंड रस्त्याकडे करून. पहाटे बिस्मिल्लाखाँची शहनाई सुरू व्हायची. त्या घराशी ज्यांचं बोलणं बंद असेल, त्यांनाही ती ऐकावी लागायची.

स्पीकरवाल्याचा क्रम ठरलेला. शहनाईनंतर गणपतीची आरती, मग एखादा अभंग. हळदीला सुलोचनाबाई चव्हाणांच्या लावण्या. खाली बायका नवरीला हळद लावतायत आणि वर कर्ण्यातून फडावरची लावणी, यात कुणाला काही वावगं वाटत नसे. अक्षतांच्या वेळी सगळं बंद. पंगत बसली की दादा कोंडके. आणि मुलगी निघाली की 'नीलकमल'मधलं रफींचं बिदाईचं गाणं. मराठी मुलगी सासरी धाडायला हिंदी गाणं का लागायचं, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही. पण ते लागल्याशिवाय बायकांच्या डोळ्यांना पदर लागत नसे, हे खरं. आई चुलीपुढे बसून या गाण्यांवरून वेळ काढायची. "लावणी चालूय अजून. हळद उरकली नाही त्यांची. भाकरी करून घेते, मग जाऊ." भिंतीवर घड्याळ होतं, पण लग्नघरची वेळ त्यात कशी कळणार?

स्पीकरवाले मामा मांडवाच्या कोपऱ्यात बसायचे. आहुजाचा अँप्लिफायर, शेजारी मोटारीची बॅटरी, समोर फोनो आणि मांडीजवळ पत्र्याची पेटी. पेटीत तबकड्या उभ्या रचलेल्या, बहुतेक छोट्या, ४५च्या. त्यांच्याजवळ बसायला मिळणं हा आमच्या वयातला मान होता.

"मामा, 'पिंजरा'तलं लावा की."

"हळद लागू दे आधी. अन् हात लावू नको लगा, बोटाचं तेल लागतं त्याला."

तबकडी फार घासली की सुई घसरून एकाच ओळीवर अडकायची. मामा खिशातून पाच पैशांचं नाणं काढून सुईच्या दांडीच्या डोक्यावर ठेवायचे. वजन पडलं की सुई मुकाट्याने पुढे सरकायची. त्या वजनाने तबकडी आणखी घासली जायची, मग पुढच्या लग्नाला दहा पैसे. पुढे हे मी पुण्यातल्या एका जाणकाराला सांगितलं, तेव्हा त्यांनी कानांवर हात ठेवले.

'पिंजरा' आला १९७२ साली, दुष्काळाच्या वर्षी. राम कदमांचं संगीत, खेबुडकरांचे शब्द, उषा मंगेशकरांचा आवाज. आमच्याकडची माणसं खडी फोडायला जात होती, रेशनवर मिलो नावाची लाल ज्वारी मिळत होती, लग्नं निम्म्यावर आली होती आणि जी होत होती ती उरकल्यासारखी. तरी जिथे कर्णा होता तिथे 'पिंजरा' होताच. पुढे १९७५ला 'शोले' आला आणि पॉलिडोरने त्याच्या संवादांच्या तबकड्या काढल्या. स्टँडजवळच्या हॉटेलात चहाबरोबर गब्बर मिळू लागला. लोक अख्खे संवाद पुढे-पुढे म्हणत बसायचे आणि मालक बशा आपटायचा, कारण एका कपावर तासभर टेबल अडायचं.

घरात मात्र वेगळं यंत्र होतं. वडील भुसार आडतीवर मुनीम. शेठजींच्या वाड्यातला चावीचा फोनो नव्या रेडिओग्रामपुढे अडगळ झाला, तेव्हा तो दिवाळीची भेट म्हणून आमच्याकडे आला. सोबत ७८च्या जाड, काळ्या, कुत्रा छाप तबकड्यांचा गठ्ठा. बालगंधर्व, अब्दुल करीम खाँ, हिराबाई बडोदेकर आणि गोविंदराव जोशी. ना. घ. देशपांडे यांची 'शीळ' ही कविता जोशींनी १९३२मध्ये गायली. मराठी भावगीताची सुरुवात बहुतेक जण त्या तबकडीपासून धरतात. हे जोशी शिकलेले वकिली आणि नंतर एचएमव्हीत बसून त्यांनी गायक-वादकांच्या दोन पिढ्या तबकडीवर आणल्या. 'स्वरगंगेच्या तीरी' या पुस्तकात त्यांनी ते सगळं लिहून ठेवलं आहे.

दहा इंची तबकडीची एक बाजू साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर संपते. नाटकात बालगंधर्व एकेक पद 'वन्स मोअर' घेत रात्र चढवायचे. तेच पद इथे मिनिटांत बसवायचं. लहानपणी मला वाटायचं की गाणारा इतका घाईत का आहे. वडिलांना विचारलं, तर म्हणाले, "जागा तेवढीच आहे ना बाबा." मुनीम माणूस, पोत्यात किती माल बसतो हे त्यांना नेमकं ठाऊक. पण खाँसाहेबांची तबकडी लागली की घाईचा मागमूस नसायचा. तेवढ्याच जागेत तो माणूस निवांत बसलेला असायचा. हे त्यांना कसं साधलं, ते गाण्यातल्या लोकांनी सांगावं. मी नुसता चावी फिरवणारा.

त्या तबकड्या लाखेच्या. पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांची लाख जगभर आपल्या देशातून जायची. दुसऱ्या महायुद्धात जपानने वाटा अडवल्यावर १९४२मध्ये अमेरिकेत तबकड्यांसाठीच्या लाखेवर निर्बंध आले आणि काही दुकानांत जुनी तबकडी दिल्याशिवाय नवी मिळेना. लाखेची तबकडी हातातून पडली की संपली. तिला स्पिरिटने पुसायला जावं तर लाखच विरघळते. धुवायचीच तर रिठ्याच्या पाण्याने, लेबल कोरडं ठेवून आणि सावलीत उभी वाळवून. आमच्याकडे घरं माळवदाची, सपाट मातीच्या छताची. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर गेला तरी माळवदाखाली गार असायचं, म्हणून तबकड्या वाकल्या नाहीत. पण त्याच माळवदातून दिवसभर बारीक माती झडायची ती थेट रेषांत जाऊन बसायची. अब्दुल करीम खाँचा आवाज मी माझ्या घराच्या छतासकट ऐकला आहे.

नोकरीसाठी पुण्याला गेलो आणि पहिल्या पगारातून जुना फिएस्टा घेतला. एचएमव्हीचा, झाकण मिटून हातात धरून नेता येणारा. मित्र हसले. तोवर कॅसेटचा जमाना आला होता. टी-सिरीजने कॅसेट इतकी स्वस्त केली की पानपट्टीवरही मिळू लागली. घराघरांतून तबकड्या बाहेर पडत होत्या. ज्यांना टाकवत नव्हत्या त्यांनी गरम पाण्यात बुडवून, कडा दुमडून त्यांच्या शोभेच्या वाट्या केल्या. शोकेसमध्ये अशा वाटीत प्लास्टिकची द्राक्षं ठेवलेली मी पाहिली आहेत. वाटीच्या तळाशी लेबल शाबूत, त्यावर 'गीतरामायण'. माडगूळकर-फडक्यांच्या त्या छप्पन्न गीतांतलं कोणतं त्या द्राक्षांखाली गेलं होतं, ते वाचायला मान फार वाकवावी लागली असती. यजमान चहा घेऊन आले आणि राहिलं.

जुन्या बाजारात रविवारी सकाळी गेलं की नळाच्या तोट्या, लष्करी बूट आणि गंजलेली कुलपं यांच्या मधे गठ्ठे पडलेले असायचे. तिथे मला दुसऱ्या प्रकारची माणसं भेटली. संग्राहक. ही मंडळी तबकडी उजेडात तिरकी धरून बघतात, लेबलच्या रंगावरून काळ सांगतात, रेषा संपतात तिथला कोरीव नंबर भिंगाने वाचतात. त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मुंबईत १९९०मध्ये सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या साथीदारांनी सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स सुरू केली आणि अशा लोकांनी वह्या भरून नोंदी केल्या, म्हणून आज कोण कधी काय गायलं हे काहीतरी सांगता येतं. नाहीतर आपण सगळंच भंगारात घातलं असतं.

पण त्यांचं नि माझं एका गोष्टीवर जमलं नाही. त्यांना तबकडी कोरी हवी. सुई न लागलेली, कव्हरच्या कडा न दुमडलेली. त्यांच्या भाषेत 'मिंट'. कोरी तबकडी म्हणजे कुणीतरी पैसे देऊन घेतली आणि ऐकली नाही. तिच्यात मला रस वाटेना. हे त्यांना बोलून दाखवलं तर एक जण म्हणाले, "तुम्ही गाणं गोळा करत नाही, गोंगाट गोळा करता." चूक म्हणाले असं नाही.

मामांचा स्पीकरचा धंदा डीजेपुढे बसला. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने गोदाम रिकामं करायला काढलं, तेव्हा निरोप आला. कर्णे भंगारात गेले होते. पत्र्याची पेटी तेवढी कोपऱ्यात होती. मी भाव विचारला, तो म्हणाला, "तुम्हीच सांगा काका, तुमचंच आहे ते." मला जेवढं देणं बरं वाटलं तेवढं दिलं; पुण्याच्या बाजारात त्या मालाला त्याच्या पावपटही कुणी दिलं नसतं.

घरी आणून एकेक तबकडी दिव्याखाली धरली. लेबलच्या मधल्या भोकाभोवती पांढऱ्या केसासारख्या रेघा असतात. तबकडी लावताना खुंटी चटकन सापडत नाही, ती लेबलवर फिरते, त्याच्या या खुणा. ज्या घरात सणासुदीला एकदा तबकडी लागते तिथे दोन-चार रेघा. मामांच्या पेटीतल्या 'पांडू हवालदार'च्या लेबलवर भोकाभोवती कागदच उरला नव्हता. सगळं पांढरं, घासून गुळगुळीत. मामा तबकडी लावताना कधी खाली बघत नसत. मांडवात कोण आलं, कोण गेलं हे बघत अंदाजाने टेकवायचे. एकेक रेघ म्हणजे एकेक पंगत. काहींच्या लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं, 'हळद', 'पंगत', 'पोरगी निघताना'. हे शेवटचं रफींच्या तबकडीवर. गाण्याचं छापील नाव त्याखाली झाकून गेलेलं. मामांना नावाची गरज नव्हती.

ही तबकडी फिएस्टावर लावली की गाणं आधी खरखरीमागून येतं आणि दोन ठिकाणी अडतं. नाणं ठेवत नाही. बोटाने हलकंच पुढे ढकलतो. बायको आतून विचारते, "दुसरी चांगली आहे ना तुमच्याकडे? ती लावा की." आहे. कोरी नसली तरी बरी आहे. पण तिच्यावर बार्शीतली एकही मुलगी सासरी गेलेली नाही.

या सगळ्यात एक जागा रिकामी आहे. शाहीर अमर शेख आमच्या गावचे. २० ऑक्टोबर १९१६ला बार्शीत जन्मले, मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबींच्या तोंडच्या ओव्या-गाण्यांवर कान तयार झाला. मोटारीवर क्लीनर म्हणून राबले, बार्शीच्या गिरणीत कामगार झाले, संपात पुढे राहिले, तुरुंगात गेले. पुढे अण्णा भाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक. संयुक्त महाराष्ट्राच्या सभांत त्यांचा डफ वाजला की मैदान बसल्या जागी थरारायचं, असं त्या सभांना गेलेली माझ्या वडिलांच्या वयाची माणसं सांगायची. 'कलश' आणि 'धरतीमाता' हे त्यांचे कवितासंग्रह. १९६९मध्ये अपघातात गेले. मी तेव्हा शाळेत होतो, त्यांना ऐकायचा योग आला नाही.

हा आवाज मैदानासाठी घडलेला. त्याला ना मांडवाचा कोपरा पुरला असता, ना साडेतीन मिनिटांची बाजू. लोकांनी हात वर केले की शाहिराने कडवं वाढवायचं, पोलीस दिसले की टोमणा मारायचा, पुन्हा पालुपदावर यायचं. स्टुडिओत समोर काच असते. म्हणूनही असेल, पण गावभर कर्णे वाजत असताना गावच्याच शाहिराचा आवाज मी लहानपणी एकाही लग्नात ऐकला नाही. लग्नात पोवाडा कोण लावणार म्हणा. तो पहिल्यांदा ऐकला तो फार उशिरा, दुसऱ्या कुणाच्या टेपवर, नकलेची नक्कल झालेला. तरी अंगावर काटा आला, आणि थोडा रागही. बालगंधर्व आमच्या माळवदाखाली मुक्कामाला होते आणि दोन पेठा पलीकडे जन्मलेला माणूस टेपवरून ऐकायचा.

माझ्या कपाटात त्यांची एकही तबकडी नाही. वैरागला, पानगावला, पांगरीला, कुणाच्याही माळ्यावर पत्र्याची पेटी दिसली की मी चौकशी करतो. बहुतेक वेळा आत वायरी निघतात, एकदा तर पितळी समया निघाल्या. पुण्याचे ते जाणकार अजून फोन करतात. सांगून ठेवलंय त्यांनी की मिळालीच तर घाई करू नका, कंडिशन नीट बघून घ्या. बघणारच आहे. पहिलं लेबलचं भोक बघेन, आणि रेघा नसल्या तर जरा वाईटच वाटेल.