गजांना अडलेले पिस्तूल

चित्रपट-संकलनाचा व्यवसाय पत्करलेल्या मनुष्याला प्रेक्षागृहात बसून निर्भेळ भय अनुभवण्याचे सुख सहसा लाभत नाही. इतरांचा श्वास जेथे रोखला जातो तेथे तो मनातल्या मनात फ्रेम्स मोजीत असतो, आणि नायिकेच्या प्राणांपेक्षा हा शॉट जरा आधी तोडला असता तर काय झाले असते, याच विवंचनेत गढलेला असतो. तथापि माझ्या या रुक्ष सवयीला जी थोडी चित्रे आजतागायत दाद देत नाहीत, त्यांत जेम्स कॅमेरून यांच्या ‘टर्मिनेटर’ मालिकेतील पहिल्या दोन चित्रपटांची गणना मला करावी लागते. आणि विज्ञानकथेवर रचलेला मारधाडीचा चित्रपट म्हणजे केवळ दणदणाट, त्याचा कलेशी काय संबंध, असा जो एक समज आपल्या अभिजनवर्गात बिनदिक्कत चालत आलेला आहे, त्याचा समाचार याच दोन चित्रांच्या आधारे घ्यावा, असे पुष्कळ दिवस मनात होते. थरार स्फोटाच्या आकारमानाने मोजता येत नाही. शत्रूला काय साधते आणि काय साधत नाही याचा कायदा प्रेक्षकाला आधी नीट कळलेला असावा लागतो, आणि मग प्रेक्षक, पीडित व पाठलाग करणारा या तिघांपैकी कोणाला किती ठाऊक आहे, याची वाटणी दिग्दर्शक व संकलक यांना चोख करावी लागते. एवढे साधले, तर रिकाम्या बोळातून चालत येणारा एक इसमही पुरेसा होतो.

पहिला चित्रपट १९८४ सालचा, खर्च सुमारे ६४ लाख डॉलर, म्हणजे हॉलिवूडच्या त्या काळच्या मानानेही बेताचाच. भविष्यकाळातील संगणकव्यवस्था एक यंत्रपुरुष लॉस एंजेलिसमध्ये धाडते. युद्धात जुनी दप्तरे नष्ट झाल्यामुळे त्याच्याजवळ ‘सॅरा कॉनर’ हे नाव व त्या शहराचे नाव याखेरीज कसलाही तपशील नाही. तेव्हा तो टेलिफोनच्या पुस्तकातील त्या नावाच्या स्त्रियांना, तहसील कचेरीतील एखाद्या कर्तव्यदक्ष कारकुनाने थकबाकीदारांना यादीच्या क्रमाने नोटिसा बजावाव्यात तसा, एकेक करून ठार मारीत सुटतो. या ठिकाणी प्रेक्षकाला शत्रूचा पहिला नियम कळतो: त्याला द्वेष नाही, घाई नाही, आणि चुकीच्या स्त्रीला मारल्याचा खेदही नाही. दूरदर्शनवरील बातमीत आपल्याच नावाच्या स्त्रियांच्या हत्येची वार्ता जिच्या कानी पडते, त्या हॉटेलात काम करणाऱ्या मुलीची जी अवस्था होते, ती समजण्यास प्रेक्षकाला आता कोणत्याही संवादाची गरज उरत नाही.

‘टेक नॉयर’ नावाच्या नृत्यगृहातील प्रसंग मी विद्यार्थ्यांना दाखवितो तो ध्वनी पूर्ण बंद करून, आणि नंतर पुन्हा ध्वनीसह. पोलिसांना फोन करून सॅरा टेबलाशी येऊन बसलेली आहे. यंत्रपुरुष गर्दी बाजूला सारीत, एकेक चेहरा न्याहाळीत पुढे येतो आहे. तिच्या धक्क्याने बाटली खाली पडते, ती उचलण्यासाठी ती वाकते, आणि नेमक्या त्याच क्षणी तो तिच्या टेबलावरून पुढे निघून जातो. सारी हालचाल मंदगतीत. नाचणाऱ्यांचे गाणे विरत जाते आणि त्याची जागा ब्रॅड फीडेल यांचे सिंथेसायझरवरील जड ठोके घेतात. आपण वाचलो हे सॅराला ठाऊक नाही, आपण हुकलो हे यंत्राला ठाऊक नाही. दोहोंचेही ज्ञान एकट्या प्रेक्षकाच्या पदरी टाकून कॅमेरून आणि संकलक मार्क गोल्डब्लॅट त्याला तसेच ताटकळत ठेवतात. पुढे पिस्तुलाचा तांबडा प्रकाशबिंदू तिच्या कपाळावर स्थिरावतो तेव्हा गतीने नव्हे, तर गतीच्या अभावाने अंगावर काटा येतो. फीडेल यांच्या त्या संगीताविषयी जाता जाता एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. मुख्य आवर्तन त्यांनी हातानेच जुळविले, त्याचा सांधा किंचित चुकला, आणि तो तसाच ठेवल्यामुळे १३/१६ अशी विषम चाल सिद्ध झाली. समेची वाट पाहणाऱ्या आपल्याकडच्या कानाला ती सम नेहमी अपेक्षेहून थोडी आधी येऊन गाठते, आणि पाठलागाच्या चित्राला याहून उचित ताल कोणता असावा, हे मला अद्याप सुचलेले नाही.

या चित्रपटाचा उगमच मुळी एका दुःस्वप्नात आहे. रोममध्ये तापाने आजारी असताना, ज्वाळांतून बाहेर येणारा धातूचा सांगाडा कॅमेरून यांना स्वप्नात दिसला. टँकर जळून खाक झाल्यावर त्या आगीतून मांसत्वचा गमावलेला सांगाडा उठतो ते दृश्य म्हणजे तेच स्वप्न. स्टॅन विन्स्टन यांची पूर्णाकृती बाहुली आणि लहान प्रतिकृती एकेका फ्रेमने हलवून केलेले चित्रण यांच्या मिश्रणातून ते उभे राहिले. आजच्या तरुण मंडळींना त्या सांगाड्याची चाल अडखळती वाटते व ते हसतात. पाय ओढीत येणारे ते यंत्र अडखळते यातच मला तरी त्याचा दुराग्रह अधिक भासतो. परंतु खरी कमाल त्याच्याही पुढे आहे. सुरुंगाने सांगाड्याचे पाय उडालेले, तो हातांवर सरपटतो आहे; सॅराच्या मांडीत लोखंडाचा तुकडा घुसलेला, तीही सरपटते आहे. मोटारी, मोटारसायकली, टँकर अशा चढत्या वेगाने धावलेल्या चित्रपटाचा शेवटचा पाठलाग दोन रांगणाऱ्या देहांच्या वेगाने व्हावा, आणि तोच सर्वांत भयंकर ठरावा, ही योजना ज्याला सुचली त्याला पटकथेचे मर्म कळले होते, यात संशय नाही.

१९९१ साली आलेल्या दुसऱ्या चित्रपटास सुमारे १० कोटी डॉलर लागले, आणि इतका खर्च तोवर कोणत्याही चित्रपटावर झालेला नव्हता. एवढी रक्कम हाती आल्यावर सामान्य बुद्धीच्या दिग्दर्शकाने जुन्याच राक्षसाला अधिक मोठी बंदूक दिली असती. कॅमेरून यांनी जुन्या राक्षसाला रक्षक केले, आणि द्रवधातूचा नवा शत्रू आणला तो अंगाने सडपातळ, पोलिसाच्या गणवेशातला, चेहऱ्याने जवळजवळ सौम्य. रॉबर्ट पॅट्रिक यांनी तोंड मिटून केवळ नाकाने श्वास घेत धावण्याचा सराव केला होता. म्हणून मोटारसायकलीमागे पूर्ण वेगाने धावणारा तो मनुष्य दमत नाही ही गोष्ट डोळ्याला आधी पटते आणि बुद्धीला मागाहून.

चित्रपटाच्या आरंभीच्या भागात या दोघांपैकी मारक कोण आणि तारक कोण, हे शिताफीने गुलदस्त्यात ठेवलेले आहे. बाजारसंकुलाच्या मागील अरुंद बोळात सॅराचा मुलगा जॉन मध्ये, दोन्ही टोकांना हे दोघे. एकाने गुलाबांच्या पेटीतून बंदूक बाहेर काढलेली, गळून पडलेली फुले त्याच्या बुटाखाली चिरडली जात आहेत. आणि तो मुलाला खाली वाकण्याचा हुकूम सोडतो, तेव्हा कोठे आपल्याला पक्षांची उलटापालट उमगते. जाहिरातवाल्यांनी हे गुपित प्रदर्शनापूर्वीच गावभर करून टाकले, आणि सबंध अर्ध्या तासाच्या बांधणीवर पाणी ओतले. या मंडळींना संकलनकक्षात पाऊल टाकण्याची मनाई करणारा कायदा असावा, असे माझे जुने मत आहे.

बोळात प्रेक्षकाला कमी ठाऊक होते. मनोरुग्णालयाच्या प्रसंगात त्याला अधिक ठाऊक आहे, आणि मला हाच प्रसंग साऱ्या मालिकेचा कळस वाटतो. सॅरा स्वतःच्या हिकमतीने कोठडीतून निसटून लिफ्टपर्यंत पोचली आहे. दार उघडते, आणि आत तोच चेहरा, जो तिने पूर्वी मृत्यूचा म्हणून पाहिलेला. तो तिला सोडवायला आलेला आहे हे आपल्याला ठाऊक, तिला नाही. ती थबकते, गुळगुळीत फरशीवर पाय घसरून मागच्या मागे कोसळते, आणि ज्या पहारेकऱ्यांपासून ती पळत होती त्यांच्याच दिशेने जीव घेऊन परत धावते. लिंडा हॅमिल्टन यांचा तो चेहरा पाहताना, सुटका समोर उभी असताना तिच्यापासून पळणाऱ्या या स्त्रीला ओरडून सांगावे असे होते, आणि ओरडता येत नाही.

त्याच मार्गिकेत लगेच शत्रू येतो. मध्ये लोखंडी गजांचे कुलूपबंद दार. तो चेहरा गजांवर टेकवितो. चेहरा दुभंगतो, गज आत शिरतात, पलीकडे पुन्हा जुळतो. खांदे जातात, धड जाते. आणि मग खट्ट असा आवाज होऊन हात अडतो, कारण हातातले पिस्तूल खऱ्या पोलादाचे आहे आणि ते वितळत नाही. तो मान वळवून पाहतो, मनगट फिरवितो, पिस्तूल आडवे-उभे करून सोडवून घेतो आणि पुढे चालू लागतो. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकच्या डेनिस म्यूरेन यांच्या चमूने संगणकावर घडविलेल्या चमत्कारांचा एकूण अवधी १३७ मिनिटांच्या चित्रात पाचेक मिनिटांच्या घरातला. उरलेला भार विन्स्टन यांच्या बाहुल्यांनी व छातीवर फुलासारख्या उमलणाऱ्या चंदेरी जखमांनी वाहिला. परंतु गजांतून जाणारे शरीर खरे वाटते ते त्या न जाणाऱ्या पिस्तुलामुळे. देह जाईल, वस्तू जाणार नाही, हा कायदा त्या एका ‘खट्ट’ने प्रेक्षकाच्या गळी उतरतो, आणि एकदा कायदा मान्य झाला की त्याखालील अशक्य गोष्टही आपण विनातक्रार मान्य करतो. देह गजांतून सरकतानाचा तो ओला, घट्ट आवाज ध्वनिरचनाकार गॅरी रिड्स्ट्रॉम यांनी डब्यातून हळूहळू बाहेर पडणाऱ्या कुत्र्याच्या खाद्यापासून मिळविला होता. या चित्रपटाला दृश्यचमत्कार, ध्वनी, ध्वनिपरिणाम-संकलन आणि रंगभूषा अशी चार ऑस्कर पारितोषिके मिळाली. चित्र-संकलनाचे मात्र नामांकनावरच राहिले व मान ‘जेएफके’ने नेला. व्यवसायबंधूंची नाराजी पत्करूनही सांगतो की तो निवाडा मला अन्यायाचा वाटत नाही.

सिमेंटच्या कोरड्या कालव्यातील ट्रकचा पाठलाग, किंवा वैमानिक चक टॅम्बरो यांनी महामार्गावरील पुलाखालून खरोखरीच हाकलेले हेलिकॉप्टर, यांची वाखाणणी इतरांनी पुष्कळ केली आहे. मी एवढेच म्हणेन की वजनाला खोटे बोलता येत नाही. पुलाच्या कमी उंचीमुळे ट्रकचे छप्पर उडते तो तपशील, जागेनेच भाग पाडल्यामुळे आलेला असला, तरी कल्पकतेने योजलेल्या शंभर तपशिलांच्या तोडीचा आहे. अखेरचा पोलादाचा कारखानाही फॉन्टाना येथील, केव्हाच बंद पडून थंडगार झालेला. तेथील धग ॲडम ग्रीनबर्ग यांच्या दिव्यांची.

पुढील चित्रपटांविषयी थोडक्यात आटोपतो. २००९ सालच्या ‘साल्व्हेशन’मध्ये यंत्रे इतक्या जातींची आहेत की एकीचाही स्वभाव मनावर ठसत नाही. २०१५ सालच्या ‘जेनिसिस’मध्ये गोल्डन गेट पुलावर शाळेची बस कोलांटी घेते आणि आपण जांभई देतो, कारण त्यातील शत्रू कणाकणांत विखुरतो, पुन्हा जुळतो, आणि त्याला नेमके काय करता येत नाही हे समजेपर्यंत चित्रपट संपत येतो. २०१९ सालच्या ‘डार्क फेट’मधील शत्रू सांगाडा व द्रव असा दुहेरी फुटून दोन ठिकाणी लढतो. कल्पना चांगली होती, परंतु तिचा कायदा बसविण्याआधीच तिचा खर्च सुरू झाला. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतनीय चित्रपटांच्या राष्ट्रीय सूचीत पहिले चित्र २००८ साली व दुसरे २०२३ साली दाखल करून घेतले. बाकीच्यांसाठी कोणी अर्ज केल्यास तो फेटाळला जावा, असेच मी म्हणेन.

अपवाद एकच, आणि तो जोनाथन मॉस्टो यांच्या २००३ सालच्या तिसऱ्या चित्रपटातील. लोक त्यातील क्रेनचा पाठलाग आठवतात. तो धडाकेबाज आहे खरा. पण जॉन आणि त्याची सोबतीण केट शत्रूचे मुख्य यंत्र उद्ध्वस्त करण्यासाठी डोंगराच्या पोटातील तळघरात शिरतात, आणि आत त्यांना दिसतात ती धूळ साचलेली, काही दशकांपूर्वीची उपकरणे. उद्ध्वस्त करण्याजोगे तेथे काहीच नाही. ती जागा केवळ बड्या अंमलदारांच्या आश्रयासाठी बांधलेली, आणि केटच्या वडिलांनी मुलीचा जीव वाचावा म्हणून हे दोघे जाणूनबुजून तेथे पाठविलेले. प्रेक्षकाला हे त्या दोघांच्या आगेमागे नव्हे, त्यांच्याच बरोबरीने कळते. बाहेर क्षेपणास्त्रे सुटू लागतात, बिनतारी यंत्रावर अनोळखी आवाज विचारू लागतात की सूत्रे कोणाकडे आहेत, आणि जॉन नाइलाजाने उत्तर देतो. मालिकेच्या उत्तरार्धातील एकच रीळ माझ्या ताब्यात ठेवण्याची परवानगी मिळाली, तर क्रेनचे रीळ ज्याला हवे त्याला देऊन मी हे मागून घेईन.