कोरे पान

बँकेत आयुष्यात प्रथमच खाते उघडायला आलेला माणूस आणि पानाच्या दुकानासमोर प्रथमच उभा राहिलेला माणूस, हे दोघे सख्खे जुळे भाऊ असतात. दोघेही आधी थोडे लांब उभे राहतात. दुसरे लोक काय करतात ते बघतात. आपल्याकडे कोणाचे लक्ष नाही अशी खात्री झाली की पुढे सरकतात आणि घरून पाठ करून आणलेले एका दमात म्हणून टाकतात. पहिला म्हणतो, "सेव्हिंग खातं, चेकबुकासकट." दुसरा म्हणतो, "कलकत्ता, एकशेवीस-तीनशे, पक्की सुपारी." त्यातले निम्मे दोघांनाही कळलेले नसते. पहिल्या भावाशी माझी वीसएक वर्षांची ओळख आहे. दुसऱ्याची ओळख झाली ती २०११ सालच्या जून महिन्यात, तीन आठवडे मी तात्यांचे पानाचे दुकान चालवले तेव्हा.

'चालवले' हा शब्द जरा जपून वाचावा. बँकेच्या सेवानियमांत नोकराने दुसरा धंदा करण्याला मनाई आहे. तेव्हा मी दुकान चालवत नव्हतो. दुकान चालत होते आणि मी त्यात बसलो होतो. बँकेतही बहुतेक वेळा असेच असते. दिवसा तात्यांचा भाचा बसायचा, संध्याकाळी सात ते साडेदहा मी. मोबदला म्हणाल तर रात्री एक मसाला पान. तेही माझे मीच लावायचे.

तात्यांचे दुकान सांगलीच्या गावभागात, आमच्या बोळाच्या तोंडाशी. दुकान म्हणजे काय, माणूस आत चढून बसला की भरलेच. तात्या मूळचे मिरज तालुक्यातले, बेडगकडचे. आरग-बेडगच्या बाजूला पानमळे आहेत. शेवरी-शेवग्याच्या सावलीत नागवेल चढवतात आणि पानमळ्यात शिरताना चपला बाहेर काढतात, देवळात काढाव्यात तशा. तात्या दुकानातदेखील चप्पल घालून कधी बसले नाहीत. मी पहिल्या दिवशी बूट घालून चढायला लागलो, तर भाच्याने नुसते माझ्या पायांकडे बघितले. आमच्या मॅनेजरांनाही असे बघता येत नाही.

आता मी तिथे कसा जाऊन बसलो, ते सांगतो. मे अखेरीला तात्या बँकेत माझ्या काउंटरवर आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "साहेब, ठेव मुदतीआधी मोडली तर किती कापतील ओ?"

मी आकडा सांगितला. सहज विचारले, "एवढं काय निघालं?"

"तोंड उघडंना झालंय," तात्या म्हणाले. त्यांनी दोन बोटे उभी जोडून ओठांशी धरली. "एवढंच. पूर्वी तीन बोटं जायची. आता भाकरी दुमडून, चेपून आत सारायला लागती. मिरजेच्या डॉक्टरानं तुकडा काढून तपासाय पायजे म्हटलंय. बोळात कुणाला बोलू नका. कुणी इचारलं तर पुतणीच्या लग्नाला गावाकडं गेलाय म्हणून सांगा."

बँकेतल्या माणसाला सबंध गावाची गुपिते ठाऊक असतात आणि ती पोटात ठेवण्याबद्दलच त्याला पगार मिळतो. मी होय म्हणालो. त्या होयमध्ये संध्याकाळचे दुकानही आले.

जाण्याआधी दोन रात्री तात्यांनी मला शिकवले. पान धुवायचे कसे, फडक्यात गुंडाळून ओले ठेवायचे कसे, देठ आणि शेंडा खुडायचा कसा. करंडीतली पाने रोज वरखाली करायची, डागाळलेले पान लगेच काढून टाकायचे. एक सडले की शेजाऱ्याला घेऊनच जाते. 'पान का सडले, घोडा का अडला, भाकरी का करपली' या जुन्या कोड्याचे उत्तर 'न फिरवल्याने' असे आहे, हे मला शाळेपासून पाठ होते. आमच्या बँकेचे बदलीचे धोरण याच कोड्यावर आधारलेले आहे.

पाने ओळखायला मात्र वेळ लागला. कपुरी आपल्याकडचे, फिकट, पिवळसर, स्वभावाने सौम्य. घरातल्या पानसुपारीला हेच. कलकत्ता मोठे, जाड, गडद आणि तिखट. पहिल्या घासालाच आपण कोण ते सांगणारे. मघई बिहारातल्या मगध भागातले, इवलेसे आणि इतके कोवळे की चावावे लागत नाही. एकाने भागत नाही म्हणून जोडीने खायचे. या मघईला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. तात्यांना मी ते वर्तमानपत्रातून वाचून दाखवले, तेव्हा ते म्हणाले, "पान तेच हाय न्हवं?"

पण खरी विद्या पानाची नव्हती, गिऱ्हाइकाची होती. तात्यांचे म्हणणे असे, की नेहमीचा माणूस कधी बोलत नाही. तो येतो, उभा राहतो, खांबाकडे बघतो आणि त्याच्या हातात त्याचे पान पडते. जो पाढा म्हणतो तो नवखा. "आणि नवख्याला," तात्या बोट नाचवत म्हणाले, "तो मागंल ते द्यायचं न्हाई."

व्यापारशास्त्राच्या पदवीसाठी मी तीन वर्षे जे शिकलो, त्यात हे वाक्य कुठेच नव्हते.

नवख्याला द्यायचे नाही, तर आधी विचारायचे. जेवून आलाय का? पूर्वी कधी खाल्लंय का? चुना सोसतो का? पोट रिकामे असले आणि पानात तंबाखू गेली, तर माणूस तिथेच कठड्याला धरून खाली बसतो, कपाळावर घाम येतो. चुना जास्त झाला तर जीभ पोळते आणि तो माणूस जन्मात पुन्हा पानाच्या वाटेला जात नाही. कात चुन्याला आवरून धरतो, रंगही त्या दोघांच्या संसारातूनच येतो. म्हणून नवख्याच्या पानाला चुना नखभर, गुलकंद सढळ, बडीशेप, खोबरे, वेलदोडा, सुपारी नाहीच. "तंबाखूवाल्या डब्यांवर," तात्या म्हणाले, "तुमचा हात गेलाच न्हाई पायजे. नेहमीच्या लोकास्नी भाचा दिल."

त्या डब्यांवर त्या काळी विंचवाचे चित्र असायचे. २००९ सालापासून सरकारने धोक्याची चित्रे छापणे सक्तीचे केले होते. सिगारेटच्या पाकिटावर फुप्फुसे आणि खायच्या तंबाखूवर विंचू. विंचू म्हणजे कर्करोग हे सरकारच्या डोक्यात स्पष्ट असावे. आमच्या बोळात मात्र एक आजोबा तीनशे नंबरचा डबा दाखवून मला म्हणाले, "माझी रास वृश्चिक. मला चालतंय."

पहिल्या आठवड्यात माझा मोठा त्रास पान नव्हता, चार आणे होता. ३० जून २०११ पासून पंचवीस पैशांचे नाणे चलनातून बाद होणार होते. बँकेचा माणूस पानाच्या दुकानात बसलाय म्हटल्यावर बोळातल्या प्रत्येक घराने देव्हाऱ्यामागची, शिवणयंत्राच्या खणातली, मुलांच्या गल्ल्यातली नाणी बाहेर काढली. एका काकूंनी मसाला पानाचे पैसे संपूर्ण चार आण्यांत मोजून दिले आणि वर म्हणाल्या, "तुम्ही काय, सकाळी बँकेत भराल." बँकेत मी ती भरली. आमच्या कॅशिअरने त्या महिन्यात माझ्याशी बोलणे टाकले.

दुसरा त्रास लग्नाचा. 'तात्या पुतणीच्या लग्नाला गेलेत' एवढ्यावर बोळाचे समाधान होईना. मुलगा काय करतो? देणेघेणे काय झाले? तीन आठवडे कसले लग्न? मी आधी मुलाला शेतीवर ठेवला होता. प्रश्न वाढल्यावर त्याला बँकेत चिकटवला. दुसऱ्या आठवड्यात पाठराखीण, सत्यनारायण आणि कुलदैवताचे दर्शन एवढे कार्यक्रम मला लावावे लागले. कर्जप्रकरणातही मी एवढी कागदपत्रे कधी जमवली नाहीत.

आणि एक गिऱ्हाईक तर पान मागायला आलेच नव्हते. ते आमच्याच बँकेतले नाट्यवेडे गृहस्थ. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केले, तेव्हापासून इथल्या प्रत्येक कचेरीत एक तरी नट असतोच. त्यांना नाटकात कारखानदाराची भूमिका मिळाली होती आणि कारखानदाराला सिगार हवी होती. "जरा श्रीमंत वाटेल अशी द्या," म्हणाले. तात्यांकडे मागच्या फळीवर दिंडीगलकडच्या चिरुटांची एक जुडी होती. चिरूट हा शब्दच मुळी तमिळ 'सुरुट्टु'वरून आला, म्हणजे गुंडाळलेले. त्याची दोन्ही टोके उघडीच असतात, त्यामुळे साहेबी सिगारेचे टोक कापायला जी कात्री लागते तिची भानगड नाही. शेरलॉक होम्सने १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत रक्षेवरून त्रिचनापल्लीचा चिरूट ओळखला, हेही मी त्यांना सांगितले. धूर छातीत ओढायचा नाही, तोंडात घोळवून सोडायचा, असे मी सांगत होतो तोच ते विचारू लागले, की पहिल्या अंकाला एक आणि दुसऱ्याला एक अशा दोन घ्याव्यात का. मी म्हटले, "पेटवूच नका. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी बंदी आहे, नाट्यगृहात तर मुळीच चालणार नाही. आणि खरा श्रीमंत माणूस सिगार पेटवत नाही, दोन बोटांत धरून दुसऱ्याला बोलू देत नाही." गृहस्थांना अभिनयातले तीन पुरस्कार मिळालेले होते. तरी त्यांनी हे वाक्य डायरीत लिहून घेतले.

तिसऱ्या आठवड्यात, कॉलेजे सुरू झाल्यावर, तो मुलगा आला. बरोबर चार मित्र. नवा शर्ट, ओठावर मिशीचा नुसता आराखडा. मित्र मागे थांबले, हा पुढे आला आणि एका दमात म्हणाला, "एक कलकत्ता एकशेवीस-तीनशे."

"जेवून आलायस?" मी विचारले.

"तुम्हाला काय करायचंय? पान द्या ना."

मागून कोणीतरी हसले. मुलाचे कान लाल झाले. अशा वेळी उपदेश केला तर तो पुढच्या चौकात जाऊन दुप्पट तंबाखू खाणार, हे मला दिसत होते. 'अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा गुन्हा आहे' अशी पाटी डोक्यावर होतीच, पण पाटी वाचून कोण थांबतो? तेव्हा मी खाते उघडायला आलेल्या माणसाशी बोलतो त्या सुरात म्हणालो, "देतो की. जन्मतारखेचा पुरावा?"

"काय?"

"पुरावा. पॅन कार्ड असलं तरी चालेल."

"पानासाठी पॅन कार्ड?"

आता मित्र त्याला नव्हे, मला हसायला लागले, आणि तेच हवे होते. मुलगाही हसला. त्याने खिशातून कॉलेजचे नवे कोरे ओळखपत्र काढले. मी चष्मा वर करून, ते उजेडात धरून, सही पडताळतात तसे पाहिले. सतरा वर्षे आठ महिने. "चार महिन्यांनी या," मी म्हणालो, "तोवर हे चालवून घ्या." मघईची जोडी लावली, गुलकंद भरपूर, वर लवंग टोचून पाचही जणांना दिली. पैसे तात्यांच्या डब्यात मी माझ्या खिशातून टाकले. मुलगा नुकताच घर सोडून आलेला होता, वसतिगृहातले जेवण त्याला जात नव्हते, हे सगळे त्याने पान चघळता चघळता सांगितले. तोंडात गोड असले की माणूस खरे बोलतो. चार महिन्यांनी तो आलाही. पण तोपर्यंत त्याला पाढा म्हणायची गरज उरली नव्हती. तो खांबाकडे बघायचा आणि मघईची जोडी हातात पडायची.

तात्या जूनच्या शेवटी परतले. येताना मिरजेतून लाडू घेऊन आले आणि बोळात घरोघर 'लग्नाचे' म्हणून वाटले. मी सत्यनारायणापासून सगळे त्यांच्या कानावर घातले होते, त्यामुळे कुठे चुकले नाहीत. जावई बँकेत आहे हे ऐकून मात्र म्हणाले, "जरा बरा बघायचा हुता."

रात्री दुकान मिटताना खरे सांगितले. कर्करोग नाही. सुपारीने आणि तंबाखूने गालाचे आतले मांस कडक झाले आहे. दोन्ही बंद, आणि तोंड उघडायचा व्यायाम सकाळ-संध्याकाळ. तात्या बाराव्या वर्षापासून खात होते. तंबाखूच्या पानाने कर्करोग होतो असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८५ साली दिला आणि २००४ सालच्या अहवालात नुसत्या सुपारीलाही त्याच पंक्तीला बसवले. तात्यांपर्यंत हे दोन्ही अहवाल त्या जूनमध्ये पोचले.

त्या वर्षीच्या डिसेंबरात डब्यांवरचा विंचू गेला आणि त्याच्या जागी खऱ्या माणसांच्या तोंडांचे फोटो आले. बाकीचे दुकानदार फोटोची बाजू भिंतीकडे करून डबे लावायचे. तात्यांनी सगळे डबे फोटो गिऱ्हाइकाकडे करून लावले. भाचा म्हणाला, धंदा बसंल. तात्या म्हणाले, "बसू दे." २०१२ साली महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली, २०१३ साली सुगंधी तंबाखू आणि सुगंधी सुपारीवर, आणि तात्यांची ती फळी रिकामी झाली. तिथे आता गुलकंदाच्या बरण्या आहेत. काही दुकानांत मागच्या दाराने अजून सगळे मिळते, असे ऐकतो. तात्यांच्या दुकानाला मागचे दार नाही. मागे आमच्या बोळाची भिंत आहे.

स्वतः तात्या पान खात नाहीत. नव्या गुलकंदाची चव कोणाकडून तरी बघून घ्यावी लागते. दिवाळीत तो मुलगा पुण्याहून येतो, आता बायकोमुलांसह. त्याच्याकडून एक आणि माझ्याकडून एक अशी दोन मते घेतात, आणि ती जुळली नाहीत तर माझे बाद करतात.

परवा बँकेतून येताना मी विचारले, "तात्या, कितीवर आलं?"

त्यांनी बोटे ओठांशी धरली, तिसरे अर्धे दुमडून.

"अडीच," तात्या म्हणाले. "वाढतंय. पण तुमच्या बचत खात्याच्या दरानं."