कपाट कुठे ठेवायचे?

असंगताविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. असंगत पाहणाऱ्या माणसाविषयी त्या मानाने फारच थोडे. 'सर्वसामान्य प्रेक्षकाला हे झेपणारे नाही' असे एक वाक्य लिहून समीक्षक पुढे सरकतो. हा सर्वसामान्य प्रेक्षक कोण, त्याला झेपत नाही ते नेमके काय, आणि जे झेपते ते समीक्षकाच्या नजरेतून कसे निसटते, हे पाहण्याची संधी आम्हां दोघा-तिघा मराठीच्या अध्यापकांना एका पंधरा मिनिटांच्या लघुपटाने दिली. त्या निमित्ताने मनात साचलेले येथे मांडत आहोत.

रोमान पोलान्स्की पोलंडमधील वूच येथील चित्रपटविद्यालयात शिकत असताना त्याने 'दोन माणसे आणि एक कपाट' हा लघुपट केला. ब्रुसेल्स येथील १९५८ च्या जागतिक प्रदर्शनात प्रायोगिक चित्रपटांची स्पर्धा होती. तिच्यासाठीच ही निर्मिती होती. तेथे त्याला कांस्यपदक मिळाले. सर्वोच्च पारितोषिक मिळालेला बोरोव्चिक आणि लेनित्सा यांचा लघुपटही पोलिशच. त्याचे नाव 'दोम', म्हणजे 'घर'. पहिले बक्षीस घराला आणि तिसरे बेघर कपाटाला, हा योगायोग आम्हांला मोठा अर्थपूर्ण वाटत आला आहे.

लघुपटात संवाद नाहीत. कोमेदा यांचे जॅझ संगीत तेवढे आहे. दोन माणसे समुद्रातून आरशाचे एक कपाट उचलून बाहेर येतात. गावात शिरतात. ट्राममध्ये त्यांना घेत नाहीत, उपाहारगृहात बसू देत नाहीत, हॉटेलात खोली मिळत नाही. गुंड मारतात, रखवालदार मारतो. शेवटी एका लहान मुलाने किनाऱ्यावर वाळूचे जे असंख्य छोटे ढीग रचले आहेत, त्यांतल्या एकालाही पाय लागू न देता ती दोघे कपाटासह समुद्रात परत जातात. कपाट कोणाचे, ते का वाहायचे, याचा खुलासा नाही.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातल्या आमच्या महाविद्यालयात एम. ए. च्या वर्गाला सतीश आळेकरांचे 'महानिर्वाण' (१९७४) शिकवण्याआधी आम्ही हा लघुपट दाखवतो. विद्यार्थी कळंब, भूम, वाशी, परंडा या भागांतले. समुद्र पाहिलेले त्यांच्यात थोडेच. संवादच नसल्यामुळे भाषेची अडचण येत नाही. मात्र जिथे हसू येईल असा अध्यापकाचा कयास असतो, तिथे वर्ग हसत नाही. पाण्यातून कपाट वर येते तेव्हा आम्ही हसतो. विद्यार्थी ते कसे धरले आहे ते पाहतात. 'मागच्यानं वजन सोडलंय सर, सगळा भार पुढच्यावर येतोय,' असे एकाने आम्हांला अगदी गंभीरपणे सांगितले. कपाट उचलण्याचा अनुभव बहुतेकांना असतो. बहिणीच्या लग्नात दिलेले आरशाचे कपाट वाकळीत गुंडाळून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवलेले असते, आरसा फुटू नये म्हणून वाटभर त्याला धरून बसलेले असते.

वर्ग पहिल्यांदा खळखळून हसतो तो ट्रामच्या दृश्याला. एसटीच्या दारात पोते घेऊन उभे राहिलेल्या माणसाला ट्राम समजावून सांगावी लागत नाही. हॉटेलच्या दृश्याला हसू येते, पण अर्धेच. मारहाणीनंतर वर्ग शांत होतो. एके वर्षी दाराशी उभ्या राहून पाहणाऱ्या आमच्या सेविका मावशी म्हणाल्या, 'हातात सामान आसंल तर मानसाला कुनी उभं करत न्हाई.' अतिवास्तववादाच्या पहिल्या जाहीरनाम्याचे १९२४ हे साल आम्ही फळ्यावर लिहिले होते. ते तसेच राहिले आणि तासभर चर्चा झाली ती मावशींच्या वाक्यावर.

आमच्या एका सहकाऱ्यांचा यावर आक्षेप आहे. त्यांच्या मते हे भाबडे वास्तववादी वाचन होय, एम. ए. च्या विद्यार्थ्याने प्रतीकापर्यंत पोहोचले पाहिजे. आक्षेप वजनदार आहे, पण आम्हांला तो मान्य नाही. कपाट हे अपराधभावाचे, भूतकाळाचे किंवा खाजगीपणाचे प्रतीक आहे असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितातच. मार्गदर्शकांतून तशी वाक्ये उचलण्याची सवय त्यांना लागलेली असते. बोलताना मात्र एक विद्यार्थिनी म्हणाली, 'कपाट हे कपाटच आहे, म्हणून तर ते जड आहे.' आमच्या मते या प्रकारच्या विनोदाचे मर्म येथे आहे. एक अशक्य गोष्ट एकदा मान्य केली की पुढचे सारे खऱ्या वजनाने घडावे लागते. कपाट पहिल्याच क्षणी प्रतीक झाले तर ते हलके होते. मग दमणे नाही आणि हसणेही नाही. 'महानिर्वाणा'त मृत भाऊराव स्वतःच्याच मरणाचे कीर्तन करतात, तेव्हाही प्रेक्षक आधी कीर्तनाला मान डोलावतो. सोंगी भारुडे पाहत वाढलेल्या या मुलखाला ती रीत परकी नाही.

मात्र या प्रेक्षकाचे नुसते कौतुक करून भागणार नाही. लघुपटात एके ठिकाणी ती दोघे कपाट घेऊन जात असताना मागे एका माणसाचा खून होत असतो. पहिल्या वेळी वर्गातल्या फार थोड्यांना तो दिसतो. सगळ्यांची नजर कपाटावर असते. दुसऱ्यांदा दाखवल्यावर वर्गात जी अस्वस्थता पसरते, ती त्याआधीच्या हसण्याइतकीच मोलाची असते. दिग्दर्शकाने प्रेक्षकालाही त्या गावातला एक करून टाकलेले असते.

लोहारा तालुक्यातले आमचे एक सहकारी मात्र कधीच हसत नाहीत. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर त्यांच्या पडक्या घरातून एक कपाट तेवढे धड निघाले. पत्र्याच्या शेडमध्ये ते मावेना. कुटुंब आत आणि कपाट बाहेर, ताडपत्रीखाली, असे कित्येक महिने गेले. लघुपट चांगला आहे, असे ते म्हणतात. त्यापुढे बोलत नाहीत. हे 'न कळणे' नव्हे, हे उघड आहे. मग हसलेल्यांना कळले म्हणायचे की न हसलेल्यांना?

आमच्या जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. संतमेळ्यात त्यांनी थापटण्याने एकेकाचे डोके ठोकून पाहिले आणि नामदेवांचे मडके कच्चे ठरवले. स्पर्धेचे परीक्षक कलाकृतीवर थापटणे चालवतात, 'कळले का?' असे विचारत आम्ही अध्यापक ते विद्यार्थ्यांच्या डोक्यांवर चालवतो. कथेत पुढे नामदेवांना विसोबा खेचरांकडे जावे लागते. तेथे शिवलिंगावर ठेवलेले गुरूंचे पाय ते जिथे सरकवतात तिथे नवे लिंग उगवते. नामदेवांना ज्ञान झाले ते त्या विलक्षण दृश्याचा अर्थ विचारून नव्हे. पाय उचलून बाजूला ठेवता ठेवता.

विद्यापीठाची प्रश्नपत्रिका आमच्या हाती नाही. अंतर्गत मूल्यमापनात मात्र 'कपाट कशाचे प्रतीक आहे?' हा प्रश्न आम्ही विचारत नाही. 'लघुपट पाहताना तुम्ही कुठे हसलात आणि कुठे थांबलात?' असे विचारतो. याचे उत्तर मार्गदर्शकात मिळत नाही. गेल्या खेपेस ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबातल्या एका विद्यार्थ्याने चारच ओळी लिहिल्या होत्या. हॉटेलपर्यंत हसलो, मग ही माणसे रात्री कुठे झोपणार याचा विचार सुरू झाला आणि पुढचे नीट पाहता आले नाही, असा त्यांचा आशय होता. त्याला पूर्ण गुण द्यावेत यावर, आक्षेप घेणाऱ्या त्या सहकाऱ्यांसह, आमचे एकमत झाले.