दोन सीटांची गाडी

गेल्या मे महिन्यात शाळेला सुट्टी लागली आणि मी बर्मिंगहॅमला भाईंकडे गेले. भाई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. तिथे बस चालवतात. त्यांच्या दारात एक लाल, बुटकी, कापडी टपाची गाडी उभी होती. 1996 सालची माझदा एमएक्स-5. सीट दोनच!

मला राहवले नाही. पहिल्याच रात्री जेवताना बोलून गेले, "गावच्या घरात ओटीवर पाणी गळतंय आणि तुम्ही हे खेळणं घेतलंत?"

भाभींनी ताटातून मान वर केली नाही. भाई एवढेच म्हणाले, "सकाळी बाहेर ये. थोडं काम आहे."

रात्री पाऊस पडून गेला होता. सकाळी भाईंनी गाडीचे दार उघडले, तर पायाखालचा गालिचा चिंब. पावसाळ्यात घडी घालून ठेवलेल्या गोधडीला येतो, तसा वास.

"टप फाटलाय का?" मी विचारले.

"टप धड आहे. बघ आता."

मागची काच प्लॅस्टिकची होती. तशीच दुमडली तर तिला चिरा जातात, म्हणून आधी तिची चेन उघडून ती आडवी करायची. थंडीत तर टप दुमडायचाच नाही. मग भाईंनी पुढच्या दोन कड्या सोडून टप मागे घेतला. कापड संपते तिथे एक पन्हळ होती. टपावरचे पाणी तिच्यात उतरते, दोन्ही सीटांच्या मागे एकेक भोक असते, त्यातून नळीवाटे गाडीखाली निघून जाते. भोकात पाचोळा साचला की पाणी तुंबते आणि आत शिरते. आधी गालिचा भिजतो, मग दाराखालचा पत्रा आतून गंजू लागतो. बाहेरून काही दिसत नाही.

भाईंनी माझ्या हातात नायलॉनची जाड दोरी दिली. "तार घालायची नाही, नळी फाटेल. हळूहळू फिरव."

काळा चिखल निघाला. वरून तांब्याभर पाणी ओतले. ते थोडे थांबले, बुडबुडले आणि गाडीखाली धार लागली.

"आलं पाणी!" मी ओरडले.

भाई हसायला लागले. मृगाआधी ते शिडीवर चढून घराची पन्हळ साफ करायचे, अब्बा शिडी धरायचे आणि मी अंगणातून हेच ओरडायची.

हसता हसता भाई गप्प झाले. म्हणाले, "अब्बांच्या जनाज्याला पोहोचलो नाही. त्यानंतर त्या घरात यायची हिंमतच होत नाही. इथे निदान हात घालता येतो."

मला काही बोलता येईना. मी त्यांना घरावरून सुनावले होते. पण ते घर माझ्या बिऱ्हाडापासून अर्ध्या तासावर आहे. दोन वर्षांत मी तिथे शिडी लावली नव्हती. कुलूप उघडायचे, ओल पाहायची, हळहळायचे आणि परत यायचे, एवढेच केले होते.

गालिचा काढून वाळवायला दोन दिवस लागले. खालचा फोम पाणी धरून ठेवतो, वरून कोरडा दिसला तरी फसू नये, असे भाईंनी सांगितले. तिसऱ्या दिवशी टप उघडून त्यांनी मला फिरवून आणले. केस विस्कटले, दुपट्टा सांभाळताना नाकी नऊ आले. पण भाई इतके मोकळे बोलताना मी कित्येक वर्षांत ऐकले नव्हते.

जूनच्या पहिल्या आठवड्यात परतले आणि मुलाला घेऊन गावी गेले. कौले चारच फुटली होती. खरे दुखणे दोन छपरे मिळतात तिथल्या पन्हळीत होते. फणसाच्या पानांनी ती काठोकाठ भरली होती. मुलगा वर चढला, मी शिडी धरली. भाईंना व्हिडिओ कॉल लावला. बादली ओतल्यावर अंगणात धार पडली, तेव्हा ओरडायचे काम त्यांनी केले.

डिसेंबरात ते येणार आहेत, इंशाअल्लाह. ओटी झाडून ठेवली आहे.