सहा गुण, मग एकावन्न

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डनचं नाव निघालं की लोक 14 जून 1998 ची रात्र सांगतात. सॉल्ट लेक सिटीत सामना संपायला 5.2 सेकंद उरलेले, त्याने उडी मारून टाकलेला चेंडू रिंगमधून आत, निकाल 87-86 आणि शिकागो बुल्सचं सहावं अजिंक्यपद. आमच्या वर्ध्यात तेव्हा 15 तारखेची सकाळ होती. तो क्षण मलाही प्रिय आहे. पण मला जास्त जवळचा वाटतो तो साडेतीन वर्षांनंतरचा, निवृत्तीतून परत आलेला, वॉशिंग्टन विझार्ड्सकडून खेळणारा 38 वर्षांचा जॉर्डन.

27 डिसेंबर 2001 ला इंडियानाविरुद्ध त्याने फक्त 6 गुण केले. त्याआधीच्या सलग 866 सामन्यांत त्याचे गुण कधी दहाच्या खाली आले नव्हते. संपला, असंच सगळ्यांना वाटलं. सिमेंटच्या मैदानावर, जाळी कधीच फाटून गेलेल्या रिंगखाली खेळणारी आमची पोरंही तेच म्हणत होती. दोनच दिवसांनी शार्लटविरुद्ध त्याने 51 गुण काढले. तेव्हापासून कुणाबद्दल ‘त्याचे दिवस गेले’ असं मी चटकन म्हणत नाही.

जॉर्डन शिकागोकडून खेळत होता, त्याच 1997-98 च्या सुमारास आमच्या रस्त्यांवर दुसरं एक नाव गाजत होतं, गायक अल्ताफ राजा. वर्धा-हिंगणघाट काळी-पिवळीत बसा, बसस्थानकाजवळच्या पानठेल्यावर उभे राहा, ‘तुम तो ठहरे परदेसी’ कानावर पडायचंच. हा माणूस जन्माने नागपूरचा. आईवडील दोघेही कव्वाल. आई राणी रूपलता कव्वालीच्या मुकाबल्यांत नावाजलेली. म्हणजे त्या कॅसेटमागे एक अख्खं घराणं होतं. गाणं मधेच थांबवायचं, शेर सुनवायचा, ऐकणाऱ्याला ताटकळत ठेवायचं आणि मग नेमक्या ठेक्यावर ध्रुपदावर परत यायचं, ही सगळी कव्वालीच्या बैठकीतली कमाई. नाकं मुरडणारे तेव्हा पुष्कळ होते. त्यांनी ही कारागिरी कधी लक्ष देऊन ऐकली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पुढे कॅसेट गेली, सीडी आली, तीही गेली. 2013 च्या ‘घनचक्कर’ चित्रपटात संगीतकार अमित त्रिवेदीने त्याला ‘झोलू राम’ गायला दिलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता. पानठेल्यावरचा प्रश्न मात्र तोच, “का करते बा तो आता?” या प्रश्नाचा मला त्रास होतो. माणूस टीव्हीवर दिसत नाही म्हणजे त्याचं काहीतरी बिनसलं, हे विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं.

बास्केटबॉलपटू सतनाम सिंगच्या बाबतीतही तेच. 2015 मध्ये डॅलस मॅव्हरिक्सने त्याला 52 व्या क्रमांकावर निवडलं. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या निवडीत, निवडला गेलेला तो पहिला भारतीय. मुख्य स्पर्धेत एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. पण पंजाबातल्या बल्लो के गावचा मुलगा तिथवर पोचला, हे आमच्याकडच्या उंच पोरांना केवढं वाटलं होतं!

खेळाडूला निदान गुणफलक असतो. वय झालं की प्रशिक्षक बाकावर बसवतो, करार संपतो, निरोप मिळतो. 16 एप्रिल 2003 ला जॉर्डन शेवटचा खेळला तो फिलाडेल्फियात, परक्या मैदानावर, आणि तिथले प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. गायकाला असा निरोप कोण देतं? त्याला नुसती बोलावणी कमी होत जातात.

समुद्रपूर तालुक्यात गिरडला, शेख फरीद बाबांच्या टेकडीच्या पायथ्याशी, मी आमच्या भागातला एक जुना कव्वाल ऐकला. एके काळी त्याच्या कॅसेटी निघायच्या. समोर माणसं थोडी, मागे लांबून डीजेचा धडधडाट. त्याने पेटीचा भाता नीट लावून घेतला, ढोलकवाल्याला बोटाने लय दाखवली, वरच्या सुरात हात घातला आणि आवाज फाटला. तो थांबला नाही. तीच ओळ त्याने खालच्या पट्टीत घेतली, शब्द सावकाश सोडले, आणि तिचा अर्थ अधिक उघडा झाला. पुढच्या रांगेतले एक म्हातारे उठले, दहाची नोट त्याच्यावरून ओवाळून पेटीवर ठेवून आले. नंतर वरच्या पट्टीत तो पुन्हा गेला आणि या वेळी सूर लागला. मी अंगावर काटा येऊन ऐकत होतो. जॉर्डनचे ते दोन सामने मला तिथे आठवले. उतरत्या काळातही चांगली रात्र येते, फक्त ती यायला मैदान मिळावं लागतं.

जॉर्डनला विझार्ड्सने मैदान दिलं म्हणून ते 51 गुण झाले. आमच्या कव्वालांना ते आपणच द्यायचं आहे. उरुस असो, भीमजयंती असो की गणपती, तुम्ही समितीत असाल तर यंदा डीजेच्या पैशांतून एका रात्रीचे पैसे बाजूला काढा आणि आपल्याच तालुक्यातल्या एखाद्या जुन्या गायकाला बोलवा. मानधन आधी ठरवा, गाणं सुरू होण्यापूर्वी त्याच्या हातात द्या, आणि त्याला रात्रभर गाऊ द्या.