काळ्या मातीचे रंग

निसर्ग पाहावा तर चिखलदऱ्यालाच, असे आम्हा वऱ्हाडकरांना लहानपणापासून वाटते. मीही दर पावसाळ्यानंतर रंगपेटी घेऊन तिकडे जात असे. १८०३ साली इंग्रजांच्या तोफांनी फोडलेला गाविलगडचा तट, भीमकुंडाची दरी, खाली तरंगणारे धुके, सारे कागदावर आपसूक उतरे.

एकदा ती चित्रे अकोटजवळच्या आमच्या घरी बाबांना दाखविली. चष्मा पुसून त्यांनी एकेक पाहिले आणि म्हणाले, "बेस हायेत. पन यात आपलं वावर कुठी हाय?"

मी हसलो. सपाट काळ्या रानात रंगवायचे ते काय?

बाबा गेले त्या वर्षी, दिवाळीत, मी प्रथमच धुऱ्यावर कागद मांडून बसलो. कपाशीची बोंडे फुटलेली, तूर फुलावर आलेली. उत्तरेला नरनाळ्याच्या डोंगराची निळी रेघ. मातीसाठी काळा रंग घेतला आणि फसलो. सकाळी ती जांभळी दिसली, दुपारी राखी, सांजेला तांबूस.

जी शांतता शोधायला मी ३,६०० फूट चढून जाई, ती बाबा रोज न्याहारीला बसत त्या धुऱ्यावरच होती. चित्र पुरे झाले. पण "हे पाहा आपले वावर" म्हणून दाखवू कुणाला?