वावरातला टॉवर

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या मळ्यात, विहिरीच्या वरच्या अंगाला विजेचा मोठा टॉवर उभा आहे. २०१४ च्या जानेवारीत त्याचे खड्डे खणायला माणसं आली, तेव्हा शाळू हुरड्यात होता. पीक निघेपर्यंत थांबा म्हणून थोरले बंधू अण्णा खड्ड्यात उतरून बसले. दोन दिवस उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी पोलीस आले. पुढचं वाढू नये म्हणून मी पंचनाम्यावर सही केली. त्या दिवसापासून दोन वर्षं अण्णांनी माझ्या घरचं पाणी घेतलं नाही. वहिनी तेवढ्या सणासुदीला पोळ्या पाठवीत, त्याही चोरून.

अण्णांचं म्हणणं साधं होतं. "आपल्या डोक्यावरून वीज जाते, आणि आपण रात्री दोनला बॅटरी घेऊन दारं धरायची. मग ही तार कुणासाठी?"

मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. पुढे गावच्या वायरमननं मातीत काडीनं रेघा ओढून समजावलं. वीज लांब न्यायची तर तार तापते आणि वाटेतच वीज वाया जाते. दाब दुप्पट केला की तेवढ्याच विजेला प्रवाह निम्मा लागतो, आणि नासाडी चौथ्या हिश्श्यावर येते. म्हणून या तारांत चार लाख, साडेसात लाख व्होल्टचा दाब ठेवतात. आपली मोटर चालते ४१५ व्होल्टवर. या तारेवर आकडा टाकायचं मनात जरी आणलं तरी माणूस जागेवर राख होईल! तिचा दाब सबस्टेशनांतून पायरीपायरीनं उतरवत आपल्या डीपीपर्यंत आणावा लागतो. रानावरून गेलेली तार रानाला वीज देत नाही, ती अशी.

मग ती कुणासाठी? तर सगळ्यांसाठी, आणि त्यात आपणही. पूर्वी देशात विजेची पाच निरनिराळी जाळी होती. एका भागात वीज उरली तरी दुसऱ्याला हवी तेवढी देता येत नसे. १९९१ साली पूर्व आणि ईशान्य जोडले, २००३ मध्ये आपला पश्चिम भाग त्यांना मिळाला, २००६ मध्ये उत्तर. दक्षिणेला थोडी वीज पोचे, पण ते जाळं बाकीच्यांशी एका तालात नव्हतं. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या लाइननं तेही जोडलं. देशाची शेवटची गाठ आमच्या जिल्ह्यात बसली म्हणायची.

जोडणं म्हणजे एका जुवाला बैल जुंपण्यासारखं आहे. सगळ्या देशातली यंत्रं सेकंदाला पन्नास या एकाच ठेक्यावर चालावी लागतात. एकानं पाऊल चुकवलं तर सगळ्या जोड्या अडखळतात. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला तेच झालं. बीना-ग्वाल्हेर लाइन बंद पडली, बाकीच्या तारांवर ओझं आलं, आणि दुसऱ्या दिवशी साठ कोटींच्या आसपास लोकांच्या मुलखात अंधार झाला. तारा कमी आणि ओझं जास्त, हे त्यामागचं एक मोठं कारण. म्हणून नव्या लाइनी लागतातच. आता तर राजस्थान-गुजरातच्या माळावरची सूर्याची वीज लांबच्या शहरांत न्यायची आहे. तिथंही तंटा आहेच. तारांवर आदळून माळढोक मरतात, म्हणून सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये तारा जमिनीखाली घालायला सांगितल्या, आणि ते सगळीकडे जमणारं नाही म्हणून २०२४ मध्ये तो आदेश बदलला. नान्नजच्या माळाशेजारी राहणाऱ्या आम्हाला त्या पक्ष्याची किंमत कळते.

पण तार देशाची असली तरी वावर अण्णांचं होतं, हे मी आता मानतो. या कामाला १८८५ च्या तार कायद्याचे अधिकार वापरले गेले. त्यात जमीन विकत घेत नाहीत. ती तुमच्याच नावावर राहते, फक्त नुकसान भरून देतात. आम्हाला शाळूचे आणि तोडलेल्या दोन चिंचांचे पैसे मिळाले. चार पायांमध्ये अडकलेल्या जागेचे नाहीत. केंद्राची सूचना ऑक्टोबर २०१५ मध्ये निघाली, की पायाखालच्या जागेला जमिनीच्या किमतीच्या ८५ टक्के आणि तारेखालच्या पट्ट्याला जास्तीत जास्त १५ टक्के द्यावेत. जून २०२४ मध्ये ते २०० आणि ३० टक्के केले. त्या सूचना राज्यांनी स्वीकाराव्या लागतात, म्हणून कचेरीत विचारून घ्यावं. भरपाई कमी वाटली तर जिल्हा न्यायाधीशांकडे जाता येतं. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

आणखी एक सांगतो. तारेखाली पाचट पेटवू नका. जाळानं आणि धुरानं वीज खाली झेपावते आणि लाइन बंद पडते. स्प्रिंक्लरचा पाइप उभा धरू नका. ढगाळ सकाळी तारा चरचर वाजतात, त्याला मात्र भिऊ नये.

दोन वर्षांनी पुतणीच्या लग्नाच्या याद्या करायला अण्णाच माझ्या ओसरीवर आले. टॉवरचं नाव दोघांनीही काढलं नाही.

यंदा उन्हाळ्यात दुसऱ्या एका लाइनीची पाहणी करायला माणसं आली. आमच्या खालच्या तुकड्यात खुंट्या ठोकून गेली. संध्याकाळी अण्णांचा निरोप आला, "सातबारा घेऊन ये, आणि नातवाला मोबाइल घेऊन पाठव." आम्ही तिघांनी एकेक झाड मोजलं, विहिरीचा आणि पाइपलाइनीचा फोटो काढला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी पाहणीवाल्याला चहा दिला आणि विचारलं, "साहेब, हाच टॉवर वीस पावलं सरकवून बांधावर घेतला तर तुमची तार वाकडी होते का हो?" त्यानं दुर्बीण लावली, कागद पाहिला, आणि वर विचारून सांगतो म्हणाला. अण्णांनी ते त्याच्याकडून अर्जाच्या नकलेवर लिहून घेतलं. उत्तर अजून यायचं आहे.